खालचा आकडा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक लांबट खोली दिसते. भिंती फिकट हिरव्या, खिडकीला जाड पडदा, दारावर पाटी: ‘आत शांतता आहे, ती बाहेर सोडू नका.’ मधोमध टेबल. टेबलावर पाऱ्याची उभी नळी. अलीकडच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ शर्टाची बाही वर सारून बसला आहे, शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखा अवघडून. पलीकडे दोन लाकडी खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये प्लायवूडची आडभिंत. डाव्या खुर्चीत माझी थोरली बहीण, उजव्या खुर्चीत तिचा नवरा. दोघांच्या कानांत रबरी नळ्या. त्या नळ्या पुढे येऊन एकमेकींना मिळतात आणि एकाच चकतीत संपतात. ती चकती त्या गृहस्थाच्या कोपराच्या खोबणीत दाबून धरलेली. संवाद नाहीत. पारा तेवढा हळूहळू उतरतो आहे.

मी सगळा जन्म नाटकात काढला, पण इतका वेळ गप्प राहून प्रेक्षकाला धरून ठेवणारा प्रवेश मला कुणी लिहून दिला नाही.

घरोघरी कपाटात बीपीचं एक छोटं यंत्र असतं. हाताला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, दोन आकडे दिसतात, की घरातली माणसं एकमेकांकडे काळजीने बघू लागतात. ते आकडे खरे कशावरून? तर यंत्र बाजारात जाण्याआधी असल्या एखाद्या खोलीतून जातं म्हणून. तिथे त्याची माणसाच्या कानाशी गाठ घालून देतात. पट्ट्यात हवा भरली की शीर दबते आणि आवाज बंद. हवा सोडत गेलं की पहिला ठोका ऐकू येतो. तिथे पारा असेल तो वरचा आकडा. मग ठोके विरत विरत नाहीसे होतात. तिथे पारा असेल तो खालचा. ऐकणारे दोघे, शीर एकच, आणि एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. दोघांचे आकडे जुळले तर ते सत्य. नाही जुळले तर ती नोंद केराच्या टोपलीत. आणि मग त्या सत्याशी यंत्र ताडून बघायचं.

थोडक्यात, आमच्या शहरात कुणाचं बीपी किती हे ठरवणारं सत्य माझी ताई आणि माझे भाऊजी मिळून तयार करत. या दोघांचं घरात पंखा कितीवर ठेवायचा यावर एकमत नव्हतं.

ताई मूळची परिचारिका. भाऊजी आमच्या कंपनीत वाद्यं लावून देत. प्रयोगाच्या आधी पडद्यामागे डोळे मिटून एकेक तार पिळत बसलेले असत, आणि थिएटरच्या पंख्याचासुद्धा सूर सांगत. ‘तानसेन नाही तर नाही, कानसेन तरी व्हा’ असं आपण म्हणतो, तर कंपनीने त्यांचं नावच कानसेन ठेवलं होतं. कंपनी बंद पडली आणि कानसेन घरी बसले. तेवढ्यात ताई काम करायची त्या यंत्र-तपासणी केंद्रातला दुसरा ऐकणारा नोकरी सोडून गेला. ताईने मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकला.

“नवऱ्याला आणते. घरी ऐकत नाहीत, इथे तरी ऐकतील.”

“नवरा-बायको आहात, संगनमत झालं तर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आमचं?” ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाई स्वतः लग्न झालेल्या होत्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आणि चमत्कार झाला. घरी ज्यांचा छत्तीसचा आकडा, ते खुर्च्यांत बसले की दोघांचे आकडे हुबेहूब जुळू लागले. केराची टोपली रिकामी राहू लागली. दुसऱ्या शहरांतल्या केंद्रांतून लोक ही जोडी बघायला येत. भाऊजींचा तर दबदबाच. दर वर्षी ऐकणाऱ्यांच्या कानांची परीक्षा व्हायची: पडद्यावर पारा उतरतोय, ठोके वाजताहेत, तुम्ही आकडे लिहायचे. भाऊजींचा एकही आकडा कधी चुकला नाही. ताईचे एक-दोन चुकत. भाऊजी घरी येऊन म्हणत, “एकाग्रता लागते, एकाग्रता.” ताई म्हणायची, “ती एकाग्रता जरा दाराच्या बेलकडे द्या. इस्त्रीवाला वाजवून वाजवून गेला.”

आता या प्रवेशात माझी एंट्री. केंद्राला ऐकणाऱ्यांइतकीच हातांची गरज असते. बारीक हात, जाड हात, म्हातारे हात. नाटकातून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे देण्यासारखा एक चांगला जाड म्हातारा हात उरला होता. मी तो द्यायला जाऊ लागलो. आणि हाताच्या खुर्चीत बसलं की एक सोय असते. आडभिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात.

पहिल्याच दिवशी मला काहीतरी खटकलं. पारा उतरत होता. ताईची नजर पाऱ्यावर, मान किंचित कलती. भाऊजींची मानही कलती, कपाळावर आठी, डोळे अर्धे मिटलेले. फार सुंदर ऐकत होते. इतकं सुंदर की मला संशय आला. खरोखर ऐकणारा माणूस थोडा बावळट दिसतो. भाऊजी बावळट दिसत नव्हते. मी मोठमोठ्या नटांना ‘दुरून घोड्यांच्या टापा ऐकू येताहेत’ हे करून दाखवताना बघितलंय. हे त्यातलं होतं.

सुटल्यावर आम्ही आवारातल्या बाकावर बसलो.

“भाऊजी, तुम्ही ऐकत नव्हता,” मी म्हणालो.

“काय?”

“ऐकत नव्हता तुम्ही.”

“हळू बोल.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “ओठ नीट हलव, पण हळू बोल.”

मग सगळं सांगितलं. कान काही वर्षांपासून चालले होते. आधी पक्षी गेले, मग घड्याळ, मग बायको. वार्षिक परीक्षेचं सोपं होतं. फिल्म दर वर्षी तीच असायची आणि त्यांनी ती पाठ केली होती. “तुम्ही लोक तीन-तीन अंक पाठ करता, मी एक रीळ केलं,” ते म्हणाले. रोजच्या कामाचं मात्र देवाने बघितलं. दोघांच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या. ताईला पहिला ठोका ऐकू आला की ती पेन टेकवायला पुढे वाकायची आणि भाऊजींच्या कानातली नळी अलगद ओढली जायची. त्याच क्षणी ते पारा बघून आकडा लिहीत.

“म्हणजे आकडे सगळे ताईचे,” मी म्हणालो.

“वरचा तिचा. खालचा माझा आहे हं.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. “ठोके संपले की मी मागे टेकतो. पहिल्यापासूनची सवय. तार जुळली की मागे टेकायचो तसाच. खालच्याला आधी मी टेकतो, मग ती वाकते आणि माझी नळी ओढली जाते. बघ तू उद्या. म्हणजे मोठा आवाज गेला, पण बारीक अजून येतो.”

“असं कसं होईल, भाऊजी?”

“कानाचं काही सांगता येत नाही.”

“ताईला माहीत आहे?”

“तिच्या मते मी लग्नापासूनच ऐकत नाही. तिला फरक कसा कळणार?”

हे मात्र बिनतोड होतं. बायका सरसकट ‘माझा नवरा बहिरा झाला’ अशी तक्रार घेऊन निघाल्या, तर दवाखान्याबाहेर गावची रांग लागेल.

“सांगून टाका,” मी म्हणालो.

“आणि? कानसेनाचे कान गेले म्हणून घरी बसू? घरी बसून काय ऐकू?” ते उठले. “तू कुणाला बोलू नकोस. अजून खालचा आहे. खालचा गेला की मी आपणहून सांगेन.”

मी शब्द दिला. नटाचा शब्द, पण पाळला.

त्याच सुमारास एक तरुण बाई केंद्रात यंत्र घेऊन आली. यंत्र तिने स्वतः बनवलेलं; तळहाताएवढं, बटण मोठं, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतील असे आकडे. ते वरच्या आकड्यात झकास जुळायचं, खालच्यात नापास व्हायचं. ती यंत्र उघडायची, आत काहीबाही बदलायची, परत आणायची, परत नापास. बाहेरच्या बाकावर नखं खात बसायची. भाऊजींना तिची दया यायची.

“बाई, वरचा तुमचा सुरेख आहे,” ते तिला समजावत. “खालच्याकडे लक्ष द्या. शेवटचा ठोका फार नाजूक असतो. तो ऐकायला शिकवा यंत्राला.”

ती बिचारी मान हलवून जायची. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे आज मला तिच्या त्या मान हलवण्याचं हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो.

मग नव्या खुर्च्या आल्या. त्यात कुणाचा काही हेतू नव्हता. वरच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी मनात आलं, की कर्मचाऱ्यांच्या पाठी जपल्या पाहिजेत. लाकडी खुर्च्या जिन्याखाली गेल्या आणि त्यांच्या जागी चाकांच्या, गादीच्या, लोण्यासारख्या खुर्च्या आल्या. भाऊजींनी बसून बघितलं, मागे टेकले आणि म्हणाले, “वा.”

त्या दिवशी हात माझा होता. पट्टा फुगला, पारा चढला, उतरू लागला. वरचा आकडा: नळी ओढली गेली, दोघांनी लिहिलं, ठीक. मग ठोके विरत गेले. भाऊजी आपल्या वेळेला आकडा लिहून ऐटीत मागे टेकले आणि नळी ओढली जायची वाट बघू लागले. नळी हलेना. मी ताईकडे बघितलं. तीही थांबली होती. कशाची तरी वाट बघत होती. पारा उतरत उतरत अशा ठिकाणी गेला, की तो आकडा माझा म्हणून लागला असता तर मला खुर्चीतून सरळ स्मशानात न्यावं लागलं असतं. तेव्हा कुठे ताईने घाईघाईने काहीतरी लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरल्या. केराची टोपली. पुन्हा. टोपली. पुन्हा. माझा हात वांग्याच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचे हात होते, पण टोपली तीच.

डॉक्टरीणबाई विचारी होत्या. त्यांनी घाई केली नाही, दोन दिवस बघितलं, जुन्या परीक्षांचे गुण आठवले आणि त्या जागी असतो तर तुम्ही-आम्ही केलं असतं तेच केलं. ताईला बाजूला बोलावलं.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका. वय सगळ्यांचंच होतं. कानसेनांच्या कानावर शंका घ्यायची माझी छाती नाही. तुम्ही जरा विश्रांती घ्या. कान तपासून घ्या. सोमवारपासून त्यांच्या जोडीला मी दुसरं कुणी बघते.”

ताईने नळ्या पुसल्या, गुंडाळल्या आणि खणात ठेवल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर उलगडून बसले होते. ताई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. पुसलेला ओटाच पुन्हा पुसत होती. मला बघून ती मुद्दाम मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल अशी बोलू लागली. नवऱ्याच्या तोंडावर जे बोलवत नाही ते भावाच्या नावाने भिंतीपलीकडे पाठवायचं, ही बायकांची जुनी टपालव्यवस्था आहे.

“बरोबरच केलं मॅडमनी. मला तो शेवटचा ठोका कधी नीट कळलाच नाही. म्हणजे यायचा ऐकू, पण वाटायचं, हा शेवटचा की अजून एक आहे? माझ्यासारखीने ठरवायचं कशाला? शेजारी कानसेन बसलेत. ठोका संपला की हे मागे टेकायचे, खुर्ची करकरायची, की मी लिहायचे. वर्षानुवर्षं तेच. नव्या खुर्च्या मेल्या करकरत नाहीत.” तिने फडकं पिळलं. “फसवलं मी यांना. यांच्या कानावर आयती जगले. ऐकताय ना?”

बाहेर पेपरचं पान उलटलं.

“बघ,” ताई डोळे पुसत म्हणाली, “लक्ष तरी आहे का?”

मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा होतो. नाटकात असा प्रसंग आला की नट प्रेक्षकांकडे वळून स्वगत म्हणतो. माझ्यापुढे प्रेक्षक नव्हते. डावीकडे बहीण होती, उजवीकडे तिचा नवरा. एकाच्या कानात शिरत नव्हतं, दुसरीचा स्वतःच्या कानावर विश्वास नव्हता. आणि मधल्या मध्ये सगळ्या शहराचा खालचा आकडा एक लाकडी खुर्ची ठरवत आली होती.

भाऊजींनी पेपरवरून बघितलं. ताईचे डोळे त्यांना दिसले. मला खूण करून त्यांनी जवळ बोलावलं.

“काय म्हणाली?”

मी ओठ नीट हलवून सगळं सांगितलं. खुर्चीसकट.

कान गेलेत हे त्यांना केव्हाच माहीत होतं. ते दुःख शिळं झालं होतं. पण खालचा आकडा आपला आहे, एवढ्या एका काडीवर हा माणूस रोज डबा घेऊन कामाला जात होता. ती काडी मी काढून घेतली.

“म्हणजे मी टेकायचो म्हणून ती लिहायची,” ते म्हणाले, “आणि ती लिहायची म्हणून मला वाटायचं, मला येतंय ऐकू.”

“हो.”

“आणि ती पोरगी यंत्र उघडून बसते. माझ्या खुर्चीशी जुळावं म्हणून.” त्यांनी पेपरची घडी केली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. “हिला घरी बसवतायत ते?”

“सोमवारपासून.”

“बरं.”

सोमवारी ते ताईला बरोबर घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. मी हात घेऊन मागे होतोच. भाऊजी कधी रंगमंचावर आले नव्हते, जन्म पडद्यामागे गेला. पण त्या दिवशी मधोमध उभे राहिले आणि आवाज जरा जास्तच लावून बोलले, कारण आपला आवाज केवढा येतोय ते त्यांना कळत नव्हतं.

“मॅडम, बाईंच्या कानांना काही झालेलं नाही. गेलेत ते माझे. परीक्षा मी पाठ करून दिली. वरचे आकडे तिचे आहेत. खालचे कुणाचेच नाहीत. त्या पोरीचं यंत्र आता बदलू देऊ नका, ते बरोबर असेल. आणि मागे आम्ही पास केलेली यंत्रं परत मागवा.”

खोलीत पिन पडली असती तरी आवाज आला असता. भाऊजी सोडून सगळ्यांना.

“अहो,” ताई म्हणाली, “कधीपासून?”

“काय?”

इतकी वर्षं या ‘काय?’वरून त्या घरात भांडणं पेटली होती. त्या दिवशी ताईने तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकला. ती त्यांच्या समोर आली, हनुवटी धरून त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि सावकाश पुन्हा विचारलं. त्यांनी बोटांवर वर्षं मोजून दाखवली. ताईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की ती तेवढ्या वर्षांतली सगळी भांडणं एकेक करून मनातल्या मनात मागे घेते आहे. काही घेतली. काही, मला वाटतं, तशीच ठेवली.

पुढचं भराभर सांगतो. उतरत्या अंकात रेंगाळू नये. कानाच्या डॉक्टरांनी ताईला तपासलं आणि सांगितलं, की असे कान त्यांनी या वयात बघितले नव्हते. शेवटचा ठोका तिला पहिल्यापासून ऐकू येत होता. फक्त शेजारी कानसेन बसले होते. तिला नवा जोडीदार मिळाला. त्यांच्यात आकडे कधी जुळत, कधी नाही, टोपली पुन्हा भरू लागली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की भरलेली टोपली बघून त्यांना बरं वाटतं. त्या तरुण बाईचं यंत्र पास झालं. तिने आधी आत जे बदललं होतं ते सगळं पूर्ववत करून आणलं होतं. आणि जुन्यांपैकी काही, दिमाखात पास झालेली यंत्रं परत आली ती तोंड पाडून. ती तंतोतंत खुर्चीसारखी वागत होती.

भाऊजींना घरी बसावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, खूप रागावल्या, आणि मग म्हणाल्या की त्यांच्याकडे बारीक म्हाताऱ्या हातांचा तुटवडा आहे. तेव्हापासून भाऊजी टेबलाच्या अलीकडे बसू लागले, बाही वर करून. “आता ती ऐकते आणि मी गप्प बसतो,” ते सांगत. “बढतीच म्हणायची.” त्यांनी कानात यंत्र घेतलं, पण घेण्याआधी दुकानदाराला घाम फोडला: हे कुणी तपासलं, किती जणांनी, ते नवरा-बायको होते का. जिन्याखालची लाकडी खुर्ची त्यांनी मागून घरी आणली. संध्याकाळी तिच्यात मागे टेकले की ताई आतून विचारायची, “संपला का ठोका?”

गेल्या वर्षी ते आजारी पडले. आजाराचं नाव सांगत बसत नाही, म्हातारपणाला टोपणनावं पुष्कळ असतात. रुग्णालयाच्या खोलीत ताई उशाशी, मी पायाशी. कानातलं यंत्र काढून खणात ठेवलेलं. एक तरुण परिचारिका आली, हाताला पट्टा बांधला. तिच्या हातातलं यंत्र मी ओळखलं. मोठं बटण, मोठे आकडे.

नाटकात मरणाऱ्या माणसाला लेखक चांगलं दीड पानाचं भाषण देतो, दिवे मंद होतात, मागे व्हायोलिन वाजतं. भाऊजींसाठी मी असं भाषण मनातल्या मनात किती वेळा लिहिलं आहे. त्यात तारा आहेत, सूर आहेत, सगळं आहे. पण जे झालं तेच सांगायला हवं.

पट्टा फुगला. सवयीने त्यांनी डोळे अर्धे मिटले, मान कलती केली. हवा सुटू लागली. खालचा आकडा यायच्या वेळेला ते उशीवर किंचित मागे टेकले. गादी करकरली नाही. मग डोळे उघडून त्यांनी ताईकडे बघितलं, खूण मिळते का म्हणून. ताईने चेहरा कोरा ठेवला होता. आकडा चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, हा केंद्राच्या खोलीत शिकलेला नियम तिने जन्मभर पाळला, शेवटी शेवटी तर फारच कडक. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग हलक्या आवाजात, आडभिंतीपलीकडे बोलावं तसे, तिला म्हणाले:

“आधी तू लिही.”